वेशीचा आकडा

"गुरुजी, मी पाणी जास्त शिंपडलं काय?"

स्वरूपानं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. ती संगणकासमोरच्या स्टुलावर बसली होती. अंगात दसऱ्याचा निळा फ्रॉक, मानेमागं दोन घट्ट वेण्या. पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून तिनं ते स्टुलाच्या आडव्या पट्टीवर ठेवले होते. पडद्यावर एक पान उघडता उघडता अडकून बसलं होतं.

"पाण्यानं असं होत नाही," मी म्हणालो.

"मग कशानं झालंय?"

"बघतोय ना."

मी माउस इकडून तिकडं फिरवला.

दाराशी बाकावर तिचा आज्जा, परसू सुतार, टोपी गुडघ्यावर घालून बसला होता. "माझ्या रंध्याला चाळीस वर्षं खंडेनवमीला पाणी शिंपडतोय," तो म्हणाला. "करवतीला शिंपडतोय, पटाशीला शिंपडतोय. आजवर एकबी बंद पडलं न्हाई. हे तुमचं हत्यारच नाजूक दिसतंय."

"त्यात वीज असते, परसू."

"वीज असली म्हणून काय झालं? चार थेंबांनी भ्यायचं व्हय?"

स्वरूपा हसली नाही. एरवी आज्जाच्या बोलण्यावर ती आधी हसायची आणि मग माझ्याकडं बघायची, मी हसतो का ते.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालची. आजरा तालुक्यातल्या देवखोलच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. सातवीपर्यंतची शाळा, तीन खोल्या आणि एक कार्यालय. माझा जुना विद्यार्थी उदय चौगुले पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं आदल्या वर्षी त्यांच्याकडचे तीन जुने संगणक शाळेला आणून दिले. त्यांत लिनक्स घातलं. "गुरुजी, हे फुकट असतं, याला व्हायरस लागत नाही, आणि पोरांनी काही बिघडवायचं म्हटलं तरी बिघडत नाही," तो म्हणाला. फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. ते एकाच संगणकाला जोडता यायचं. त्याच्यासाठी परसूनं सागवानी टेबल करून दिलं.

जोडणी करताना उदयनं मला शेजारी बसवून घेतलं होतं. एका खिडकीत चौकटी होत्या आणि चौकटींत टिंबं देऊन आकडे लिहायचे होते. दुसऱ्या दिवशी मी ते मुलांना फळ्यावर समजावून सांगितलं. प्रत्येक संगणकाला घरासारखा पत्ता असतो. गावातल्या गावात फिरायला तेवढा पुरतो. पण गावाबाहेर जायचं तर वेशीतून जावं लागतं, म्हणून वेस कुठं आहे तेही संगणकाला सांगून ठेवावं लागतं. शेवटच्या चौकटीतला आकडा वेशीचा.

"आणि वेशीचा आकडा चुकला तर?" स्वरूपानं विचारलं होतं. तेव्हा ती तिसरीत होती.

"तर तो गावातच फिरत राहील. त्याला वाटेल, आपण निघालोय. पण बाहेर पडायचा नाही."

तिला ते फार आवडलं होतं. घरी जाऊन तिनं ते आज्जाला शिकवलं.

स्वरूपाचा बाप ती चार वर्षांची असताना विहिरीच्या कामावर वारला. तिची आई वंदना परिचारिका होती. दोन वर्षं गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात काढून ती बहारीनला गेली, तेव्हापासून पोर आज्जाकडं. परसू दिवसभर कामावर, म्हणून शाळा सुटली की स्वरूपा आमच्या घरी यायची. आमचं घर शाळेला लागूनच. माझी पत्नी प्रमिला तिच्या वेण्या सोडायची, विंचरायची, पुन्हा घालायची. मग ती ओसरीवर पाटी घेऊन बसायची आणि मी समोर. गणित सोडवताना प्रत्येक उत्तराआधी ती मान वर करायची. माझा चेहरा बघायची आणि मग लिहायची. दिवेलागणीला परसू येऊन तिला घेऊन जायचा. तिनं एकदा जाताना प्रमिलाला विचारलं होतं, "काकू, उद्या काय करणार जेवायला?" प्रमिला दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच उठून वाटाणे सोलत बसली होती.

आम्हाला मूल नव्हतं. ते सांगायचं राहिलं.

गणपतीनंतर वंदनाचं पत्र आलं. मोठं पत्र, परसूच्या नावानं. परसूला वाचता येत नसे, म्हणून मी वाचलं. तिला दवाखान्याच्या आवारात राहायला खोली मिळाली होती. मुलीला घेऊन राहता येणार होतं, पण पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही करताना मुलीचं नाव घालायला हवं होतं. सहीचा शेवटचा दिवस दसऱ्यानंतरचा शनिवार. नाव घातलं नाही, तर पुन्हा दोन वर्षांनी.

'मी तिला जबरदस्तीनं आणणार नाही,' वंदनानं लिहिलं होतं. 'मी तिला विचारणार. फोनवर ती नुसतं हं म्हणते. तोंड बघितल्याशिवाय मला तिचं काही कळायचं नाही. शुक्रवारी तुमच्याकडचे चार ते साडेचार मला इथल्या वाचनालयातला संगणक मिळेल. गुरुजींना सांगून शाळेतला चालू ठेवा. तिला एकदा बघते आणि मग ठरवते.'

उदयनं पुण्याहून छोटा कॅमेरा पाठवला. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही तो लावून, उदयशी बोलून बघितलं. उदय पडद्यावर दिसला. परसू म्हणाला, "सुकलास रे पोरा."

बुधवारी खंडेनवमी. सुताराघरची पोर म्हणून संगणकाची पूजा स्वरूपानंच करायची, असं वर्गानं ठरवलं. तिनं तिन्ही संगणक ओल्या फडक्यानं पुसले. हळदकुंकू लावलं. झेंडूचं फूल पाण्यात बुडवून शिंपडलं. गुरुवारी सोनं वाटलं. आणि शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं संगणकाच्या खोलीत येऊन बसलो, तर नेट चालत नव्हतं.

प्रमिला आली नव्हती. सकाळी तिनं पोरीच्या वेण्या घातल्या, फ्रॉकची चुणी सारखी केली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझं दूध तापायचं आहे."

घड्याळात चार वाजले.

"तार बघितली काय?" परसूनं विचारलं.

"बघितली."

"नेटच्या डब्यावरचे दिवे?"

"लागलेत सगळे."

"मग आडलंय कुठं?"

"वेशीशी अडलं असंल," स्वरूपा हळूच म्हणाली. "व्हय ना गुरुजी? गावातच फिरत असंल."

मी पान पुन्हा उघडायला लावलं. ते पुन्हा अडकलं.

चार वाजून पाच मिनिटं झाली. ती आता पडद्याकडं बघत नव्हती, घड्याळाकडं बघत होती. मग ती स्टुलावरून उतरली. फ्रॉकचं टोक हातात धरून तिनं संगणकाच्या डब्याच्या जाळ्या पुसायला सुरुवात केली. वरची, बाजूची, मागची. बुधवारचं कुंकू जाळीत बसलं होतं, ते फ्रॉकला लागलं.

"अगं, नवा फ्रॉक," परसू म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. पुसून झाल्यावर ती डब्यासमोर गुडघ्यावर बसली, हात जोडले आणि कपाळ टेकवलं. सुताराच्या घरी हत्याराला पाय लागला तर करतात तसं.

"चुकलं माझं," ती डब्याला म्हणाली. "आईला तिथं बसवून ठेवू नगंस."

मी उठून तिला उचललं आणि स्टुलावर बसवलं. "तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो. "थांब. मी नीट करतो."

मी जोडणीच्या आकड्यांची खिडकी उघडली. शेवटच्या चौकटीत वेशीचा आकडा होता आणि त्याच्या शेवटी सात. मी सात खोडला, एक लिहिला आणि माउस सेव्हच्या बटणावर नेला. तेवढ्यात चौकटीत पुन्हा सात दिसायला लागला. मी पुन्हा खोडला, पुन्हा एक लिहिला. पुन्हा सात. तिसऱ्यांदा तर सेव्हचं बटणच करडं पडलं, दाबलं तरी दबेना. खिडकी मिटवली, उघडली. सात.

माझ्या कपाळावर घाम आला. ते नाटक नव्हतं.

"उदयला फोन लावू या," मी म्हणालो.

फोन शेजारच्या कार्यालयात होता. त्याची तार दारापर्यंतही पोचत नव्हती, आणि कळफलक सोडून मला तिथं बोलत बसता येत नव्हतं. परसूला फोनवरची ही भाषा कळायची नाही. मी नंबर फिरवून दिला, उदय सापडला. त्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि रिसीव्हर स्वरूपाच्या हातात दिला.

"दादा काय म्हणतो ते मला येऊन सांग. मी काय म्हणतो ते दादाला सांग."

मी परत संगणकासमोर येऊन बसलो. मधल्या दारातून मला ती दिसत होती. फोन तिच्या कानापेक्षा मोठा होता.

ती दारात आली. "दादा म्हणतोय, वेशीच्या चौकटीत शेवटी काय दिसतंय?"

"सात."

गेली. बोलली. आली. "दादा म्हणतोय, सात कसा? त्यानं एक लिहिला होता."

"एक लिहितोय, पण पुन्हा सात होतोय, सांग. आणि सेव्ह होत नाही."

गेली. या वेळी ती जास्त वेळ ऐकत होती. मान हलवत होती, जणू उदयला दिसतंय. मग रिसीव्हर टेबलावर ठेवून आली.

"दादा म्हणतोय, त्याला उपाय हाय, तो सांगतो. पण आपोआप एकाचा सात होत न्हाई म्हणं. पासवर्ड घातल्याशिवाय बदलतच न्हाई ते. दुसरं कायतरी बदललं असंल तर आधी कळाय पायजे. तो विचारतोय, कुणी बदललं? पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक हाय?"

बाकावर परसूनं टोपी गुडघ्यावरून उचलून हातात घेतली.

"गुरुजी, दादा थांबलाय," स्वरूपा म्हणाली. "चार वाजून बारा मिनिटं झाली."

निरोप नेताना त्यात आपलं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. पहिलीत असताना मी तिला वर्गावर्गांत चिठ्ठीशिवाय निरोप देऊन पाठवायचो. ती एक शब्द सांडायची नाही.

"त्याला सांग," मी म्हणालो, "पासवर्ड गावात फक्त गुरुजींना ठाऊक आहे. बुधवारी पूजा झाल्यावर गुरुजींनीच एकाचा सात केला. दुसरं काही बदललेलं नाही."

ती वळली. दोन पावलं पळाली. तिसऱ्या पावलाला तिचा वेग कमी झाला. पण ती थांबली नाही आणि मागंही वळली नाही. मग कार्यालयातून तिचा आवाज आला, पाठ म्हणावा तसा: "पासवर्ड गावात फक्त गुरुजींना ठाऊक आहे. बुधवारी पूजा झाल्यावर गुरुजींनीच एकाचा सात केला. दुसरं काही बदललेलं नाही."

माझी भाषाही तिनं बदलली नव्हती.

बुधवारी मुलं गेल्यावर मी खोलीला कुलूप लावायला आलो होतो. संगणकावर झेंडूचं फूल होतं, ते ओलं होतं. मला एवढंच वाटलं की शुक्रवारची अर्धा तासाची वेळ निघून जावी. शनिवारी सही व्हायची, आणि मग दोन वर्षं काही विचारायला नको. दोन वर्षांत ती सहावीला गेली असती. मी खुर्चीवर बसलो, पासवर्ड घातला, एकाचा सात केला. एका झटक्यात झालं. त्या दिवशी बटण करडं पडलं नाही की आकडा परत फिरला नाही. घरी गेल्यावर प्रमिलानं विचारलं, "उशीर केलात?" मी म्हणालो, "पोरांनी पसारा केला होता."

कार्यालयात स्वरूपा रिसीव्हर कानाला लावून उभी होती. ती एकदा "हॅलो" म्हणाली. मग तिनं मान हलवली.

ती आली, पण खोलीत आली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

"दादा म्हणतोय, एक लिहा. लिहिल्यावर लगेच एंटर दाबा. माउसला हात लावायच्या आधी एंटर. न्हाईतर ते जुनाच आकडा धरतं. मग सेव्ह."

"आणखी काही म्हणाला?"

"न्हाई."

मी एक लिहिला. एंटर दाबलं. एक तसाच राहिला. सेव्हचं बटण उजळलं. पासवर्डची चौकट आली, तीत पासवर्ड घातला. जोडणी एकदा बंद करून पुन्हा चालू केली. मागचं अडकलेलं पान पडद्यावर पूर्ण उघडलं.

परसू उठून माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज न चढवता तो म्हणाला, "गुरुजी, पूजा झाल्यावर दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावीत न्हाईत."

"ठाऊक आहे, परसू."

"ठाऊक हाय म्हणून तर सांगितलं." तो परत बाकावर जाऊन बसला.

पडद्यावर वंदनाच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. ती अजून उठून गेली नव्हती. मी स्टूल रिकामं ठेवून बाजूला झालो. स्वरूपा आली, स्टुलावर चढली. मी हात पुढं केला, तो न धरता चढली. मी कॅमेऱ्याच्या मागं, भिंतीला टेकून उभा राहिलो. घंटा एकदाच वाजली.

"स्वरू?"

मला पडदा दिसत नव्हता. मला दिसत होता पोरीचा चेहरा आणि त्याच्यावर पडलेला पडद्याचा उजेड.

"किती मोठी झालीस गं," वंदना म्हणाली. आवाज मध्ये मध्ये तुटत होता. "मी उठणारच होते बघ. म्हटलं, यायची न्हाईत आता. काय झालं होतं?"

 परसू बाकावर पुढं सरकला.

"नेट न्हवतं," ती म्हणाली. "आता हाय."

"वेण्या कुणी घातल्या?"

"काकूनं."

"आणि फ्रॉकला काय लागलंय?"

"कुंकू. पुसताना लागलं."

वंदना हसली, आणि मग हसणं थांबलं. पलीकडं ती डोळे पुसत असावी. स्वरूपा तिच्याकडं टक लावून बघत होती. ओळख पटवून घेतल्यासारखी, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग तिनं बोट उचलून पडद्याला लावलं. त्या जुन्या पडद्यावर बोट लावलं की रंगांची गोल लाट उमटायची.

"स्वरू, तुझ्या आज्जानं तुला सांगितलं असंल. हितं मला खोली मिळालीय. शाळा हाय जवळच. मी तुला वढून न्हेणार न्हाई. तुला वाटलं तरच." तिचा आवाज तुटला, पुन्हा जुळला. "येशील माझ्याकडं?"

चार वर्षं, प्रत्येक उत्तराआधी, या पोरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं होतं. मी तिच्या समोरच उभा होतो. नुसते डोळे उचलले असते तरी मी तिला दिसलो असतो. मी मान डोलावायला तयार होतो. खरंच होतो.

"येते," ती म्हणाली. पडद्यावरून नजर न काढता.

परसूनं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

दिवाळीच्या सुट्टीत वंदना आली. आठ दिवस राहिली आणि पोरीला घेऊन गेली. प्रमिलानं तिला वेणीच्या दोन रिबिनी दिल्या. स्वरूपा माझ्या पाया पडली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. दर दसऱ्याला परसूच्या फोनवर तिचा निरोप यायचा, त्यात 'काकूला आणि गुरुजींना नमस्कार सांगा' असं असायचं. परसू तो येऊन सांगायचा, एकही शब्द न गाळता. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी 'येते' म्हटल्यावर पलीकडून खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. मग वंदना म्हणाली, "गुरुजी कुठं हायत गं? त्यांना जरा पुढं बोलव. तुला त्यांनी एवढं सांभाळलं, मला त्यांच्यासमोर एकदा हात जोडायचे हायत."

आता स्वरूपानं मान वर केली. कॅमेऱ्यावरून तिची नजर सरळ माझ्यावर आली. गणिताच्या वेळी बघायची तशीच ती बघत होती, फक्त या वेळी तिला माझ्याकडून काही हवं नव्हतं. भिंतीपासून स्टुलापर्यंत दोन हातांचं अंतर असेल.

"गुरुजी हितं न्हाईत," ती आईला म्हणाली. "भाईर गेलेत."

ही पोर माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाशीही नाही. मी भिंत सोडली. पावलांचा आवाज होऊ न देता टेबलाला वळसा घातला, परसूच्या समोरून दारापर्यंत आलो, आणि तिचं बोलणं खरं व्हावं म्हणून बाहेर पडलो.

व्हरांड्यात ऊन होतं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. आत ती बोलायला लागली होती. फोनवर नुसतं हं म्हणणारी पोर थांबतच नव्हती. आज्जाच्या कुत्र्याचं, काकूच्या वाटाण्याच्या उसळीचं, वर्गात पडलेल्या तिच्या दाताचं सगळं सांगत होती. प्रत्येक वाक्यात आई म्हणत होती. मी एकेक शब्द ऐकत होतो. साडेचार वाजून गेले. आतला आवाज थांबला, स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. मी आत जाण्यासाठी कुणाच्या हाकेची वाट बघत तिथंच उभा होतो.

ती दोघं कार्यालयाच्या मागच्या दारानं घरी गेली.